हेरिटेज यादीत घर आलं म्हणून खिळा ठोकायची बंदी नाही

नागपूरच्या महाल भागात कुणी जुन्या वाड्यावर खोली चढवायचं म्हटलं की शेजारी हमखास सांगतो, "यादीत नाव आलं ना, आता खिळाही ठोकता येत नाही. घर सरकारजमा समजा." तसं काही नाही बाप्पा. मालकी मालकाचीच राहते, विक्रीही करता येते.

शहराच्या यादीत वास्तूंच्या तीन श्रेणी असतात. कस्तुरचंद पार्क पहिल्या श्रेणीत आहे. तिथे अगदी गरजेपुरतीच दुरुस्ती. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल चालतात आणि त्याच प्लॉटवर जोडबांधकामही करता येतं, फक्त ते मूळ वास्तूला शोभेल असं हवं. तिसरीत त्याहून जास्त मोकळीक. अर्ज महापालिकेकडे करायचा आणि हेरिटेज समितीचं मत घ्यायचं. समितीची नजर मुख्यतः रस्त्यावरून दिसणाऱ्या भागावर असते: उंची, छताचा उतार, लाकडी खांब, सज्जा. मागच्या चौकात न्हाणीघर बांधणं वेगळं आणि दर्शनी सज्जा काढून काच बसवणं वेगळं. नकाशासोबत समोरच्या बाजूचे फोटो जोडलेले बरे.

मग ही अफवा आली कुठून? माझ्या मते लोक दोन कायद्यांची गल्लत करतात. केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी असते, त्यापुढचे 200 मीटर परवानगीचे. हा 1958 चा कायदा, 2010 मध्ये कडक झालेला. पालिकेच्या यादीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि त्या 100 मीटरच्या आतही जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी परवानगी मागता येते.