‘एखादी छान कादंबरी द्या’ म्हणण्याआधी
(वाचनालयाच्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

“मनाला भिडेल असं काहीतरी द्या हो, कसंही चालेल.” ही मागणी काउंटरवर रोज होते. आम्ही पुस्तक देतो. चौथ्या दिवशी ते परत येतं : “यात काही घडतच नाही!” तोवर त्याच प्रतीसाठी दुसरे सभासद दोन खेपा घालून गेलेले असतात, आणि बोलणी आम्ही खातो.

‘कसंही’ कोणालाच चालत नाही. म्हणून आम्ही विचारतो, शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंत? इथे लोक लाजतात. आवडलेल्या पुस्तकांची नावं मात्र धडाधड सांगतात, आणि ती बहुतेकांची सारखीच असतात. त्यावरून आम्हाला काय कळणार? कितव्या पानाला कंटाळलात आणि कशाने, ते सांगा. ‘वर्णनंच फार’ म्हणालात की एक कपाट बाद, ‘नुसते विचार करत बसतात’ म्हणालात की दुसरं. दोन मिनिटांचं काम आहे. मागे रांग असली तरी आम्ही विचारणारच; रांगेतल्यांनी चुळबुळ करू नये.

माणसांवर उभ्या असलेल्या कादंबऱ्यांत हा घोळ जास्त होतो. ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. पातळ दिसते म्हणून लोक प्रवासाला नेतात. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो. कथानक विचाराल तर सुरुवातीला एवढंच. पण तो म्हातारा कारभारी, तो आनंदा रामोशी एकदा ओळखीचे झाले की पुस्तक मिटल्यावरही घरात वावरत राहतात. लागोपाठ चार रहस्यकथा वाचून आलेल्याला मात्र पहिली वीस पानं रिकामी वाटतात. त्याला आम्ही ती लगेच देत नाही, आधी मध्ये दुसरं काहीतरी देतो.

‘कोसला’ (१९६३) बाहेरगावाहून शिकायला येऊन पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांना बिनधास्त देतो. खानदेशातून पुण्याच्या कॉलेजात आलेला पांडुरंग सांगवीकर त्यांना समजावून सांगावा लागत नाही. एका मुलाचे वडील तीच वाचून आमच्याशी भांडायला आले होते. पुस्तक मात्र पूर्ण वाचून आले होते.

‘रथचक्र’ पुष्कळजण आईसाठी नेतात. कोकणातल्या घरात मुलांच्या शिक्षणासाठी झगडणारी ती बाई विसरता येत नाही. या कादंबरीला १९६३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पण घरात आजारपण चालू असेल तर त्या आठवड्यात नेऊ नका.

‘शेवट गोड आहे ना?’ याचं उत्तर मिळणार नाही. कपाटापाशी उभ्या उभ्या शेवटचं पान वाचणारे आम्हाला माहीत आहेत.

निदान चाळीस पानं वाचा. नाहीच रमलात तर आठ दिवसांत आणा, जादा पैसे न घेता बदलून देऊ. कुठे थांबलात तेवढं सांगा; पान दुमडून खूण करू नका.

पुस्तक परत करवत नसेल तर नवी प्रत मागवून देतो. दर शनिवारी आमची अप्पा बळवंत चौकात फेरी असते, आणि सभासदांना सवलत आहे. वाचनालयाच्या प्रतीत रेघा ओढून भरपाई देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

वेळ : सकाळी ९ ते १, संध्याकाळी ५ ते ८.३०. दुपारी शटर अर्धं उघडं दिसलं तरी वाचनालय बंदच असतं. आत आम्ही वाचत असतो.