सेंटर (बास्केटबॉल)

सेंटर : बास्केटबॉलच्या पाच जणांच्या संघात बास्केटच्या सर्वांत जवळ खेळणारा आणि बहुधा सर्वांत उंच असलेला खेळाडू. प्रशिक्षकांच्या बोलण्यात हा ‘पाच नंबर’. बोर्डावरून किंवा रिंगवरून परतलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, पकडणे, प्रतिस्पर्ध्याचा शॉट अडवणे, बास्केटकडे पाठ करून पास घेणे आणि वळून गुण मिळवणे, सहकाऱ्याला मोकळे करण्यासाठी त्याच्या रक्षकाच्या वाटेत भिंतीसारखे उभे राहणे ही त्याची मुख्य कामे. नाव मात्र मैदानाच्या मध्यवर्तुळावरून आले आहे. पूर्वी प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी आणून उंच उडवला जाई आणि दोन्ही संघांचे उंच खेळाडू त्यासाठी उडी मारत. प्रत्येक बास्केटनंतरची ही उडी १९३७ मध्ये बंद झाली, पण उडी मारणाऱ्याचे नाव टिकले.

बास्केट जमिनीपासून १० फुटांवर असते. ही उंची कधी बदलली नाही. बदलले ते भोवतालचे नियम, आणि त्यांतले कितीतरी एखाद्या सेंटरला आवर घालण्यासाठी बदलले. उंचीचा फायदा नियमांनी काढून घेतला, की पुढच्या सेंटरला उंचीपलीकडचे काही शिकून यावे लागे. या स्थानावरची थोर माणसे ओळखायची ती त्या शिकलेल्या भागावरून. सात फुटी खेळाडू पुष्कळ होऊन गेले. त्यांतल्या बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

अमेरिकेत १९४० च्या आसपास फार उंच मुलगा म्हणजे धांदरट मुलगा, असाच समज होता. इलिनॉयमधल्या जोलिएट गावचा जॉर्ज मायकन (१९२४–२००५) ६ फूट १० इंच उंच होता आणि जाड भिंगांचा चष्मा लावून खेळायचा. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मायर या तरुण प्रशिक्षकाने त्याला हाताशी धरले. दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्धाचा सराव करवला, पाय हलके व्हावेत म्हणून नृत्याचे धडेही घ्यायला लावले. बास्केटखाली उभे राहून एकदा उजव्या हाताने उजवीकडून, लगेच डाव्या हाताने डावीकडून, चेंडू जमिनीवर पडू न देता शेकडो वेळा टाकत राहायचे, हा व्यायाम आज ‘मायकन ड्रिल’ म्हणून जगभर शिकवला जातो. आपल्याकडच्या उन्हाळी शिबिरांतली मुलेही तो करतात.

मिनियापोलिस लेकर्सकडून मायकनने १९४९ ते १९५४ या काळात पाच विजेतेपदे मिळवली. त्याच्या नावावर तिकिटे खपत. १९४९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या दर्शनी फलकावर सामना लागला होता तो ‘जॉर्ज मायकन विरुद्ध निक्स’ असा. लेकर्स हे नावच तिथे नव्हते. त्याच्या आणि बॉब कर्लंड या दुसऱ्या उंच सेंटरच्या काळात महाविद्यालयीन खेळात गोलटेंडिंगचा नियम आला, म्हणजे बास्केटकडे खाली उतरत असलेला चेंडू हाताने परतवण्यास बंदी झाली. १९५१ मध्ये व्यावसायिक खेळातला बास्केटसमोरचा रंगवलेला पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला गेला. त्या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, म्हणून मायकनला आपले ठाणे लांब हलवावे लागले. त्याच्या धास्तीने २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू नुसता धरून ठेवत १९–१८ असा सामना जिंकला. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण मायकनचे होते. अशा कंटाळवाण्या सामन्यांवर उपाय म्हणून १९५४ मध्ये २४ सेकंदांत शॉट घेण्याचे बंधन आले. आजच्या खेळाचा वेग त्यातूनच जन्मला.

या वेगाचा खरा उपयोग करून घेतला तो बिल रसेलने (१९३४–२०२२). तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे, त्यांतली आठ सलग (१९५९–६६), हा बोस्टन सेल्टिक्सचा पराक्रम त्याच्याभोवती उभा आहे. तरीही त्याची गुणांची सरासरी आहे सामन्यामागे फक्त १५.१. नुसती आकडेवारी पाहणाऱ्याला रसेल दिसतच नाही. त्याचे मुख्य अस्त्र अडवलेला शॉट, आणि एनबीए, म्हणजे अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक लीग, अडवलेले शॉट मोजू लागली ती १९७३–७४ पासून, तो निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी. इतर सेंटर चेंडूला फटका मारून तो प्रेक्षकांत धाडत. टाळ्या पडत, पण चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळे. रसेल उशिरा उडी घ्यायचा, बोटांनी चेंडूचा वेग मारायचा आणि तो मैदानातच, शक्यतो आपल्याच माणसाकडे वळवायचा. तो पायांवर परत येईपर्यंत त्याचा साथीदार बॉब कूझी समोरच्या टोकाकडे धावत सुटलेला असे. अडवणे ही आक्रमणाची पहिली पायरी आहे, हे बास्केटबॉलला रसेलने शिकवले. या स्थानावरचा सर्वश्रेष्ठ एकच निवडायचा झाला, तर कौल त्याच्याच बाजूने पडायला हवा.

१९६२ च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात त्याने ३० गुण आणि ४० रिबाउंड मिळवले. त्या आधीच्या वर्षी केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना खाणे नाकारले गेले, तेव्हा तो आणि त्याचे साथीदार प्रदर्शनीय सामना न खेळता परत गेले. १९६६ मध्ये खेळाडू असतानाच तो सेल्टिक्सचा प्रशिक्षक झाला. एनबीएमधला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. शेवटची दोन विजेतेपदे, १९६८ आणि १९६९ ची, त्याने अशी दुहेरी भूमिकेत जिंकली. त्याच्या निधनानंतर त्याचा ६ क्रमांक संपूर्ण लीगमध्ये निवृत्त करण्यात आला.

विल्ट चेंबरलेनचे (१९३६–१९९९) सगळे रसेलच्या उलट. त्याचे आकडे आजही खरे वाटत नाहीत. १९६१–६२ च्या हंगामात सामन्यामागे ५०.४ गुण. सामना ४८ मिनिटांचा, पण जादा वेळ धरून त्याची मैदानावरची सरासरी ४८.५ मिनिटे, म्हणजे तो जवळजवळ बाहेर बसलाच नाही. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या गावी, अवघ्या ४,१२४ प्रेक्षकांसमोर, त्याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध १०० गुण केले. त्या रात्रीचे चलच्चित्र उपलब्ध नाही. कागदावर ‘१००’ लिहून तो हातात धरून बसलेला विल्ट, हे छायाचित्र तेवढे सर्वांना माहीत आहे. त्या १०० पैकी २८ गुण फ्री थ्रोचे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींचे, होते. जन्मभर ज्याचा फ्री थ्रो कच्चा राहिला, त्याने त्या रात्री ३२ पैकी २८ टाकले, कारण त्या हंगामात तो दोन्ही हातांनी, गुडघ्यांजवळून वर चेंडू सोडत होता. पुढे त्याने ती पद्धत सोडली. असे टाकताना आपण बावळट दिसतो असे वाटायचे म्हणून सोडली, हे त्याने स्वतःच नंतर कबूल केले. एवढ्या बलाढ्य माणसाला लोक काय म्हणतील याने मागे ओढावे, याची आजही हळहळ वाटते.

१९६४ मध्ये पट्टा पुन्हा रुंद झाला, १६ फूट; कारण विल्ट. त्यानंतर त्याने पास देण्यावर भर दिला आणि १९६७–६८ मध्ये असिस्टच्या, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणाऱ्या पासांच्या, एकूण संख्येत तो लीगमध्ये पहिला आला. सेंटरने असे करणे तेव्हा कोणाच्या कल्पनेतही नव्हते. १९६७ मध्ये फिलाडेल्फियाकडून आणि १९७२ मध्ये लेकर्सकडून त्याला विजेतेपदे मिळाली. सामन्यातील सर्वाधिक ५५ रिबाउंडचा त्याचा विक्रम रसेलच्या सेल्टिक्सविरुद्धचाच आहे. दोघे जवळचे मित्र होते, एकमेकांच्या घरी जेवायला जात. १९६९ च्या अंतिम सामन्यानंतर रसेल त्याच्याबद्दल कडू बोलला आणि मैत्री कित्येक वर्षे तुटली. उतारवयात ती पुन्हा जुळली.

करीम अब्दुल-जब्बार (जन्म १९४७) न्यूयॉर्कमध्ये लू अल्सिंडर या नावाने वाढला. त्याने शाळेतच मायकन ड्रिल गिरवली होती. यूसीएलए विद्यापीठात जॉन वुडनच्या हाताखाली तो तीन वर्षांत तीन विजेतेपदे जिंकला. त्यांतल्या पहिल्यानंतर, १९६७ मध्ये, महाविद्यालयीन खेळात चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबण्यावर, म्हणजे डंकवर, बंदी आली. ती १९७६ पर्यंत टिकली. ज्याच्यासाठी ही बंदी आली असे सगळे म्हणत, त्याने तक्रारीऐवजी हूक शॉट घोटवला.

हा ‘स्कायहूक’ निरखून पाहण्यासारखा आहे. करीम बास्केटकडे पाठ करून चेंडू घेतो. डावा पाय टाकतो आणि शरीर आडवे करतो, त्यामुळे त्याचा डावा खांदा रक्षक आणि चेंडूच्या मध्ये येतो. उजवा हात पूर्ण लांबवून कमरेपासून मोठ्या कमानीत वर जातो आणि अगदी शिखरावर, मनगटाच्या हलक्या झटक्याने चेंडू बोटांवरून सुटतो. अडवणाऱ्याला ७ फूट २ इंच उंचीच्या माणसाचा आख्खा देह ओलांडून त्या हातापर्यंत पोहोचायचे असते. शॉट कुठून येणार हे सर्वांना ठाऊक असे आणि तरी उपाय नसे. वीस हंगामांत ३८,३८७ गुण, सहा विजेतेपदे, सहा वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणजे एमव्हीपी. गुणांचा विक्रम १९८४ पासून ७ फेब्रुवारी २०२३ ला लेब्रॉन जेम्सने तो मोडेपर्यंत त्याच्याकडे होता. १९८५ च्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात सेल्टिक्सने लेकर्सना ३४ गुणांनी चिरडले, करीमला फक्त ३ रिबाउंड मिळाले आणि म्हातारा संपला असे लिहून आले. दुसऱ्या सामन्यात त्याने ३० गुण आणि १७ रिबाउंड घेतले. वयाच्या ३८ व्या वर्षी तो त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सत्तरचे दशक सेंटरच्या पायांवर फार निर्दय होते. न्यूयॉर्कचा विलिस रीड ८ मे १९७० रोजी मांडीचा स्नायू फाटलेला असताना लंगडत मैदानात आला, पहिले दोन शॉट टाकले आणि तेवढ्याने संघ पेटून उठून जिंकला. बिल वॉल्टनने १९७७ मध्ये पोर्टलंडला विजेतेपद मिळवून दिले. सेंटर किती सुंदर पास देऊ शकतो हे त्याच्या खेळात दिसे. पण पायाच्या दुखापतींनी त्याची उमेदीची वर्षे खाल्ली. चीनच्या याओ मिंगलाही पुढे, २०११ मध्ये, याच कारणाने थांबावे लागले. मोझेस मलोन शाळेतून थेट व्यावसायिक खेळात आला, आक्रमक रिबाउंडमध्ये, म्हणजे आपल्याच संघाचा हुकलेला शॉट पकडण्यात, त्याने सर्वांना मागे टाकले आणि तीनदा एमव्हीपी झाला.

हकीम ओलाजुवॉन (जन्म १९६३) नायजेरियातल्या लागोसचा. तिथे तो फुटबॉलमध्ये गोलरक्षक असे आणि हँडबॉलही खेळे. बास्केटबॉल त्याच्या हाती बऱ्याच उशिरा आला. त्याचे पाय तिथेच घडलेले होते. एका खांद्याने एकीकडे जाण्याचा भास द्यायचा, रक्षक झुकला की उलट गिरकी घ्यायची, त्यानेही पाठलाग केला तर शॉटचा आव आणून त्याला हवेत उडवायचे आणि त्याच्या खालून निघून जायचे, हा त्याचा ‘ड्रीम शेक’. १९९५ मध्ये सॅन अँटोनियोचा सेंटर डेव्हिड रॉबिन्सन एमव्हीपी ठरला आणि त्याच वसंतात ओलाजुवॉनने त्याच्याविरुद्धच्या मालिकेत सामन्यामागे ३५ हून अधिक गुण केले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रमजानचे रोजे धरून खेळत असताना तो महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ह्यूस्टनला त्याने १९९४ आणि १९९५ ची विजेतेपदे दिली. ३,८३० अडवलेल्या शॉटचा एनबीए विक्रम त्याच्याच नावावर आहे.

शकील ओनील (जन्म १९७२) म्हणजे निव्वळ ताकद, असे म्हटले जाते. त्यात त्याच्यावर अन्याय होतो. ७ फूट १ इंच आणि दीडशे किलोंच्या घरातला हा देह ज्या चपळाईने वळायचा, ती चपळाई त्याची खरी संपत्ती होती. पहिल्याच हंगामात त्याने बोर्डाचा आधार दोनदा मोडला आणि लीगला सांगाडे मजबूत करावे लागले. २००० ते २००२ अशी सलग तीन वर्षे लेकर्सच्या विजेतेपदांत तो अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू होता. त्याचा फ्री थ्रो कच्चा म्हणून संघ त्याला मुद्दाम फाउल करत. २००१ मध्ये क्षेत्ररक्षणाला, म्हणजे झोन बचावाला, परवानगी मिळाली आणि चेंडू पोहोचण्याआधीच सेंटरभोवती गर्दी करणे सोपे झाले.

महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये ६ फूट ५ इंच उंचीच्या लिसा लेस्लीने लॉस एंजेलिस स्पार्क्सला २००१ आणि २००२ ची विजेतेपदे मिळवून दिली. ३० जुलै २००२ रोजी तिने डब्ल्यूएनबीएमधला पहिला डंक केला. ती तीनदा एमव्हीपी झाली.

लांबून टाकायच्या तीन गुणांच्या शॉटचे महत्त्व वाढले तसा खेळ बास्केटपासून दूर गेला. २०१२ मध्ये एनबीएने ऑल-स्टार सामन्याच्या मतपत्रिकेतून ‘सेंटर’ हा रकानाच काढून टाकला. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१४ च्या निवडप्रक्रियेत, डेन्व्हरने सर्बियातल्या सोम्बोर गावच्या निकोला योकिचला ४१ व्या क्रमांकावर घेतले. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती. तो फारसा उडत नाही, फारसा धावत नाही. डोक्यावर चेंडू धरून तो बघत राहतो आणि बास्केटकडे कापत निघालेल्या साथीदाराच्या हातात, तो पोहोचायच्या क्षणी, चेंडू ठेवतो. २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तो एमव्हीपी झाला, मधल्या २०२३ मध्ये कॅमेरूनचा सेंटर जोएल एम्बीड. त्या आधी हा मान सेंटरला मिळाला होता तो २००० मध्ये ओनीलला. २०२३ मध्ये योकिचने डेन्व्हरला पहिले विजेतेपद मिळवून दिले आणि २०२४–२५ मध्ये गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन आकडी सरासरी राखणारा तो पहिला सेंटर ठरला.

भारतात जन्मून एनबीएच्या निवडप्रक्रियेत निवडला गेलेला पहिला खेळाडूही सेंटरच होता. पंजाबमधल्या बल्लो के गावचा, ७ फूट २ इंच उंचीचा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीतून फ्लोरिडाला गेला आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतले. मुख्य लीगचा सामना त्याला खेळायला मिळाला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय वंशाचा कॅनेडियन सेंटर सिम भुल्लर सॅक्रामेंटो किंग्जकडून मैदानात उतरला होता. एनबीएमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू.