लैंगिक शोषणाबद्दलची फिल्म बघून मुली बोलायला लागतात का?

युगांडात २०१६ साली एक भारी प्रयोग झाला. ११२ खेड्यांतल्या छोट्या व्हिडिओ हॉलमध्ये फुकट सिनेमे दाखवले आणि मध्येमध्ये जाहिरातीसारख्या छोट्या गोष्टी टाकल्या, काही गावांत बायकांना घरात होणाऱ्या मारहाणीच्या आणि बाकी गावांत दुसऱ्याच विषयांच्या, म्हणजे नंतर तुलना करता यावी. काही महिन्यांनी घरोघरी जाऊन विचारलं तर लोकांची मतं जवळपास होती तिथेच होती! पण मारहाणीच्या गोष्टी दाखवलेल्या गावांत, खास करून बायका, आम्ही हे कुणाला तरी सांगू असं जास्त म्हणायला लागल्या, आणि घरातली मारहाण पण कमी झालेली दिसली. आधी वाटायचं की बोललं तर लोक आपल्यालाच चुगलखोर म्हणतील, ती भीती सैल झाली.

हा प्रयोग मोठ्या बायकांबद्दलचा होता, लहान मुलींचा नाही, पण मुलींना शोषणाबद्दल बोलतं करायचं म्हटलं की मला तो फार जवळचा वाटतो. कारण लहान मुलीशी घाणेरडं वागणं वाईट आहे हे कुणाला माहीत नाहीये? अडतं ते सांगण्यापाशी. आपल्याकडे केंद्र सरकारनेच २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींचा सर्व्हे छापला होता, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं, आणि हो, त्यात मुलगेही मुलींइतकेच होते. करणारा बरेचदा ओळखीचा, म्हणजे ज्याला आपण 'काकांना नमस्कार कर' म्हणतो तोच. चाइल्डलाइन या मुलांना मदत करणाऱ्या संस्थेची 'कोमल' नावाची छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म बऱ्याच जणांनी शाळेत पाहिली असेल, त्यातलाही माणूस बाबांच्या ओळखीतला, शेजारी राहायला आलेला. अंधारातला अनोळखी गुंड दाखवला असता तर मुलीने रस्त्यावरच्या माणसांना घाबरायचं शिकलं असतं आणि घरातल्याबद्दल गप्पच राहिली असती.

बरं, मग शाळेत फिल्म लावली की काम झालं? नाही हो. शाळांमधल्या अशा कार्यक्रमांवरच्या २४ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये आला. मुलांना माहिती मिळते, काय करायचं ते कळतं, हे नक्की. शोषण खरंच कमी होतं का, याचा पुरावा मात्र त्यात मिळाला नाही. पण एक आकडा बघा, ज्यांना असं काही शिकवलं नाही त्यांच्यात हजारातली साधारण ४ मुलं स्वतःवर बेतलेलं सांगतात आणि शिकवलेल्यांत साधारण १४. आता एखाद्या शाळेत फिल्म दाखवल्यावर तक्रारी वाढल्या तर मुख्याध्यापक घाबरतात, पण ती फिल्म चालल्याची खूण असू शकते ना.

अजून एक, 'गुड टच बॅड टच' हे अगदी छोट्यांना नीट कळत नाही. स्पर्श वाईट वाटला तर सांग म्हणायचं, पण गुदगुल्या करत, चॉकलेट देत केलेलं वाईट वाटतंच असं नाही, मग चार वर्षांची पोर काय ओळखणार? त्यापेक्षा सरळ नियम बरा: चड्डीच्या आतल्या जागेला कोणी हात लावायचा नाही, डॉक्टरांनी लावला तरी आई समोर हवी. लहान मुलं असे नियम जास्त चांगले शिकतात हे तपासून झालंय. आणि नुसतं बघून फारसं टिकत नाही, स्वतः करून बघायला लागतं, २७ अभ्यासांच्या एका आढाव्यात चार किंवा जास्त वेळा, अंग हलवून सराव केलेल्या मुलांचा फायदा सगळ्यात जास्त दिसला.

आणि मुलीने सांगितलं की ते ऐकणाऱ्याचं काम सुरू होतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याने, पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, गप्प बसलेल्या मोठ्या माणसाला शिक्षा होऊ शकते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावायचा. म्हणून मला वाटतं फिल्म संपली की लाइट लावून लगेच पुढचा तास घेऊ नये, दहा मिनिटं प्रत्येकीला मोठ्याने म्हणायला लावावं, मी कुणाला सांगेन, त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्या कुणाला, आणि त्यानेही 'काहीतरीच बोलू नकोस' म्हटलं तर तिसऱ्या कुणाला.