442 मगरी, पण त्यात नर किती?

फेब्रुवारी 2025 मध्ये वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींची मोजणी झाली, आकडा आला 442, आणि लगेच आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी बातमीचा फोटो टाकून लिहिलं, "बस झाल्या आता, निम्म्या उचला आणि कुठेतरी लांब सोडून या." काका दांडिया बाजारात वाढलेले, लहानपणी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर तासन्‌तास उभं राहून मगरी बघायचे, म्हणजे उगाच घाबरणारा माणूस नाही. पण ऑगस्ट 2024 च्या पुरात धोक्याची पातळी 25 फूट असलेली नदी 35 फुटांच्या वर गेली, मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या, त्यामुळे त्यांची भीती मला कळते. वडोदऱ्यात राहून ती ज्याला कळत नाही तो तेव्हा इथे नव्हता असंच म्हणेन.

"लांब सोडून या" याचं उत्तर पटकन देऊन टाकते. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या तीन मगरी हेलिकॉप्टरने लांब नेऊन सोडल्या होत्या, अंगावर सॅटेलाइट ट्रान्समीटर लावून, आणि तिन्ही आपापल्या जागी परत आल्या. त्यातली एक तर समुद्रकिनाऱ्याने 400 किलोमीटरहून जास्त पोहून, 20 दिवसांत! आपली मगर म्हणजे गोड्या पाण्यातली, जात वेगळी, पण घर ओळखण्यात मगरवर्ग कमी नाही. आणि जिथे सोडाल तिथे आधीच्या मगरी असतातच, त्या काय जागा करून देणार?

मला बोलायचंय ते आकड्याबद्दल. 442 हा आकडा ऐकून कुणी म्हणतं फार झाल्या, कुणी म्हणतं वा, संवर्धन यशस्वी. दोघंही डोकी मोजतायत. मगरींची मोजणी दिवसा काठावर ऊन खात पडलेल्या बघून करतात आणि रात्री टॉर्च मारून, कारण तिच्या डोळ्यामागे आरशासारखा थर असतो, उजेड पडला की अंधारात लाल ठिपके चमकतात. लाल ठिपक्यावरून नर की मादी काय कळणार? आणि कुठल्याही जातीचं पुढे काय होणार हे त्यावर खूप अवलंबून असतं.

एक छोटा हिशोब सांगते. सिवॉल राइट नावाच्या शास्त्रज्ञाने 1931 मध्ये दिलेलं सूत्र आहे: नर गुणिले माद्या गुणिले 4, आणि त्याला नर अधिक माद्या या बेरजेने भागायचं. समजा प्रजनन करणारे 100 प्राणी आहेत, 50 नर 50 माद्या, तर उत्तर 100. आता 10 नर आणि 90 माद्या घ्या, 4 गुणिले 10 गुणिले 90 म्हणजे 3600, भागिले 100, उत्तर 36. डोळ्यांना 100 दिसतायत, पण पुढच्या पिढीतली जनुकांची विविधता फक्त 36 प्राणी असावेत तशा वेगाने झिजत जाते, कारण प्रत्येक पिल्लाचा अर्धा वारसा त्या दहा बापांमधूनच येणार. याला प्रभावी लोकसंख्या म्हणतात. जैवविविधता म्हटलं की आपण किती जाती आहेत ते मोजतो, पण एकाच जातीच्या आतली ही विविधता रोगराईत आणि दुष्काळात टिकाव धरायला लागते.

मग नर-मादी ठरतं कसं? इथे मला खरंच राहवत नाही, कारण निसर्गातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट ही आहे.

माणसात वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा, हे आपण दहावीत शिकलो. (शिकूनही घरोघरी सुनेलाच बोल लावतात आणि मुलगा होण्याच्या पुड्या विकणाऱ्यांचा धंदा चालतो, त्या पुडीत काहीही असो, शुक्राणूतला क्रोमोझोम ती बदलू शकत नाही, ही शुद्ध फसवणूक आहे.) मगरीत एक्सही नाही आणि वायही नाही. तिच्या पेशीत 30 क्रोमोझोम असतात, नरात आणि मादीत अगदी सारखे. अंडं घातलं जातं तेव्हा आतला जीव नर पण नसतो आणि मादी पण नसते. ते ठरवते माती, म्हणजे मातीचं तापमान.

मद्रास क्रोकोडाइल बँक या चेन्नईजवळच्या मगर संवर्धन केंद्रात 1980 च्या दशकात आपल्याच मगरीची अंडी वेगवेगळ्या ठराविक तापमानाला उबवून बघितली आणि 1989 मध्ये निष्कर्ष छापले. 28 ते 31 अंश सेल्सियसला सगळ्या माद्या. 32.5 ला सगळे नर. 31.5, 32 आणि 33 ला दोन्ही, कमीजास्त प्रमाणात. म्हणजे 31 आणि 32.5, फक्त दीड अंश! आपल्याला तापात जेवढा फरक थर्मामीटर बघितल्यावर कळतो तेवढ्यात तिकडे अख्खी पोरं बदलली. आणि गंमत बघा, 33 ला पुन्हा माद्या दिसायला लागतात, म्हणजे "थंड मादी, गरम नर" एवढं सरळ पण नाही, नरांची पट्टी मधेच आणि अगदी अरुंद आहे.

आत काय होतं? अंडं उबण्याचा काळ साधारण दोन महिन्यांचा, त्याचे तीन भाग केले तर मधला भाग महत्त्वाचा. त्याच्या आधी गर्भाची जननग्रंथी दोन्हीकडे जाऊ शकेल अशी कोरी असते. अरोमाटेझ नावाचं एक एन्झाइम आहे, ते टेस्टोस्टेरॉनसारख्या हार्मोनचं इस्ट्रोजेन करतं. मादीच्या तापमानाला त्याचं जनुक कामाला लागतं, इस्ट्रोजेन तयार होतं, ग्रंथीचं बीजकोशात रूपांतर होतं. नराच्या तापमानाला ते जनुक गप्प राहतं आणि वृषण घडवणारी जनुकं चालू होतात. मग जनुकाला गरम झालंय हे सांगतं कोण? अमेरिकन अॅलिगेटरमध्ये 2015 साली टीआरपीव्ही4 नावाच्या प्रथिनाचा यात हात असल्याचं दिसलं, पेशीच्या पडद्यातलं हे दार, गरम झालं की उघडतं आणि कॅल्शियम आत सोडतं. आणि लाल कानाच्या कासवात 2018 मध्ये असं सापडलं की केडीएम6बी नावाचं एन्झाइम डीएनए ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो त्यांच्यावरची एक रासायनिक खूण पुसतं, खूण पुसली की डीएमआरटी1 हे नराचं जनुक वाचता येतं, आणि या एन्झाइमचं कमीजास्त होणं तापमानावर आहे. हा परिच्छेद जड गेला असेल तर फक्त एवढं धरा: आपल्यात जे काम वाय क्रोमोझोम करतो ते मगरीत नदीचा काठ करतो.

आता हे डोक्यात ठेवून विश्वामित्रीच्या काठाकडे बघा. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठाच्या मातीत मागच्या पायांनी खड्डा खणते, पंचवीस-तीस अंडी घालते आणि वर माती लोटून जवळपासच पहारा देते. पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. एवढ्या खोलीवर दिवसरात्रीच्या तापमानाचा चढउतार बराच मावळलेला असतो, पण घरटं झाडाच्या सावलीत आहे की उघड्यावर, उतार कुठल्या दिशेला आहे, माती चिकणी की रेताड, ओल किती, यावर अंशा-दीड अंशाचा फरक सहज पडतो. बाभळीखालच्या घरट्यातून माद्या आणि वीस पावलांवरच्या उन्हातल्या घरट्यातून नर, असं होऊ शकतं. काठ जितका ओबडधोबड, कुठे झाडोरा, कुठे उघडी दरड, तितकी दोन्ही प्रकारची पिल्लं निघायची शक्यता जास्त. तोच काठ एकसारखा कापून, झाडं काढून, एका मापाचा उतार केला की सगळ्या घरट्यांना एकच तापमान. मग मोजणीत आकडा वाढतही जाईल, आणि हिशोबातला 36 मात्र आपल्याला दिसणार नाही.

मार्च 2025 पासून पूर टाळण्यासाठी नदी खोल आणि रुंद करायचं काम झालं. पुराचं पाणी घरात घुसलेल्या शहराला ते काम नको म्हणायचा हक्क मला नाही. पण मार्च-एप्रिल म्हणजे नेमका अंड्यांचा हंगाम, आणि अंडी हलवणं दिसतं तेवढं सोपं नसतं. मी एकदा ओळखीच्या एका रेस्क्यूवाल्या मुलाला ते करताना बघितलंय. त्याने हातांनी, अगदी चमच्याने खरवडावी तशी माती काढली, पहिलं अंडं दिसल्यावर थांबला, आणि खिशातून पेन्सिल काढून अंड्याच्या वरच्या बाजूला हलकी फुली मारली. मग पुढचं. प्रत्येकावर फुली, आणि त्याच बाजूने वर ठेवत कोंडा भरलेल्या क्रेटमध्ये. मी विचारलं, "कशाला?" तर तो म्हणाला, "ताई, उलटं झालं तर मेलं." कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्हीकडून पीळदार दोऱ्यांनी धरलेला असतो, कोंबडी अंडं फिरवत राहते तरी चालतं. मगरीच्या अंड्यात त्या दोऱ्या नसतात. घातल्यापासून साधारण एका दिवसात गर्भ वरच्या बाजूला आतल्या पापुद्र्याला चिकटतो, नंतर फिरवलं की संपलं. जिथे चिकटतो तिथे कवचावर पांढरा ठिपका उमटतो आणि तो हळूहळू पट्टा होऊन अंड्याभोवती पसरतो, त्यावरून जिवंत अंडं ओळखता येतं. त्या दिवशी क्रेटमधल्या बहुतेक अंड्यांना तो पट्टा होता.

आणि आई पिल्लं खाते ही समजूत! आमची आजी पण ठामपणे सांगायची. पिल्लं फुटायच्या आधीच अंड्यातून बारीक आवाज काढतात, तो ऐकून मादी माती उकरते आणि पिल्लं जबड्यात घेऊन पाण्यापर्यंत नेते. लांबून बघणाऱ्याला तोंडात गेलेलं पिल्लू दिसतं, पाण्यात सोडलेलं दिसत नाही. मद्रासला तर नरानेही घरटं उकरून पिल्लं नेल्याची नोंद आहे.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं, पाऊण तास लागला. सूत्रापाशी ते जरा वैतागले. शेवटी म्हणाले, "बरं, मग त्या पोराने क्रेटमधली अंडी किती तापमानाला ठेवली?" मी त्या मुलाला विचारलं. त्याने क्रेटमध्ये खुपसलेल्या थर्मामीटरचा फोटो पाठवला, 32. म्हणजे दोन्हीही निघणार. काकांना फोटो पुढे पाठवला, त्यांनी तो ग्रुपवर टाकलाय, खाली काही न लिहिता.