बोक्याला उपास घडवू नका

गेल्या श्रावणातली गोष्ट. विलेपार्ल्याला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकूंकडे गोट्या नावाचा बोका आहे. नसबंदी झालेला, दिवसभर घरात, वजन साडेसहा किलो. ते उतरवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. श्रावण लागला, घरात मासळी बंद झाली आणि गोट्याच्या ताटलीतली उकडलेली मांदेलीही गेली. नुसते कोरडे दाणे पाहून त्याने तोंड फिरवलं. काकू म्हणाल्या, "राहू दे दोन दिवस उपाशी. आमचेही उपास चाललेतच. भूक लागली की खाईल, तेवढंच वजन उतरेल." तिसरा दिवस मीठ-मोहरीने दृष्ट काढण्यात गेला. चौथ्या दिवशी त्याच्या कानांची आतली कातडी हळदीसारखी पिवळी दिसायला लागली, तेव्हा काकू मला बोलवायला वर आल्या.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते, पशुवैद्य नाही. पण तो पिवळा रंग पाहून माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "बैलघोड्याला न्या." परळचं प्राण्यांचं रुग्णालय जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजून याच नावाने आहे. जवळचा दवाखाना उघडा होता, आम्ही तिथे नेलं. गोट्या वाचला. तो मरणाच्या दारात कसा पोचला ते मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण "दोन दिवस उपाशी ठेवलं की बारीक होईल" हे वाक्य मी त्यानंतर आणखी तीन घरांत ऐकलं आहे.

आधी आपला उपास पाहू. आपण निर्जळी एकादशी केली तर पहिला दिवसभर यकृतातल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, साठ्यावर रक्तातली साखर टिकते. तो संपत आला की शरीर स्नायूंमधली प्रथिनं मोडून त्यांपासून साखर बनवू लागतं, आणि चरबीही वितळू लागते. उपास लांबला तर मेंदू चरबीपासून बनलेल्या कीटोनवर बरंचसं काम भागवतो आणि स्नायूंची मोडतोड कमी होते. प्रथिनं मोडणारी यकृतातली एन्झाइमं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी द्रव्यं, आपलं शरीर हवी तशी कमीजास्त करू शकतं. घरात पैसे कमी आले की खर्चाला कात्री लावावी, तसंच.

मांजराला ही कात्री जवळजवळ नाहीच. १९७७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या रॉजर्स, मॉरिस आणि फ्रीडलँड या संशोधकांनी मांजरांना कमी आणि जास्त प्रथिनांचा आहार देऊन त्यांच्या यकृतातली एन्झाइमं मोजली. प्रथिनं कमी मिळाली तरी ती मोडणारी यंत्रणा जवळपास त्याच वेगाने चालू होती. पुढच्या प्रयोगांत दिसलं की आहारात प्रथिनं मुबलक असतील तर मांजरही थोडंफार जुळवून घेतं, पण ही मोडतोड एका मर्यादेखाली उतरत नाही आणि ती मर्यादा फार वर आहे. त्याचं कारण त्याच्या वंशात आहे. पाळीव मांजर आफ्रिकी रानमांजरापासून आलं. त्याच्या पूर्वजांनी दिवसभरात अनेक लहान शिकारी करून पोट भरलं. उंदीर म्हणजे प्रथिनं आणि थोडी चरबी, पिष्ट जवळजवळ नाहीच. प्रथिनं कधी कमी पडलीच नाहीत, म्हणून ती वाचवायची यंत्रणाही घडली नाही. मांजर बसल्या जागी, झोपेतही, अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, जाळून साखर बनवत असतं.

आता अशा प्राण्याला, त्यातही लठ्ठ प्राण्याला, उपाशी ठेवा. शरीरभर साठलेल्या चरबीतून मेद आम्लं सुटतात आणि रक्तातून थेट यकृतात येऊन थडकतात. यकृताला त्यांचं दोनच प्रकारे काही करता येतं. एक, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या भट्ट्यांत, नेऊन जाळायची. लांब साखळीच्या मेद आम्लांना आत न्यायला कार्निटिन लागतं आणि ते अमिनो आम्लांपासून बनतं. दोन, त्यांचं पुन्हा मेदात रूपांतर करून, प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून लायपोप्रोटीनच्या रूपात बाहेर पाठवायची. ते वेष्टन बनवायलाही अमिनो आम्लं लागतात, कोलीन नावाचं पोषकद्रव्य लागतं. म्हणजे चरबी हलवण्याचे दोन्ही रस्ते प्रथिनांवर अवलंबून, आणि प्रथिनं तर तीन दिवसांपासून बंद! आवक प्रचंड, जावक थांबलेली. यकृताच्या पेशी चरबीच्या थेंबांनी फुगतात, पेशींमधल्या पित्ताच्या बारीक नळ्या दाबल्या जातात, पित्त रक्तात उतरतं आणि कावीळ होते. गोट्याच्या कानांत दिसली ती हीच.

यात अर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लाचा एक धागा आहे आणि मला तो सगळ्यात विलक्षण वाटतो. प्रथिनं मोडली की अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो, म्हणून यकृत यूरिया चक्रातून त्याचा यूरिया करतं. हे चक्र फिरायला ऑर्निथिन हवं, तेही एक अमिनो आम्लच. आपण ते ग्लुटामेटसारख्या दुसऱ्या अमिनो आम्लांपासून आतड्यात तयार होणाऱ्या सिट्रुलिनच्या वाटेने भागवतो. मांजराच्या आतड्यात त्या वाटेवरची एन्झाइमं फार मंद, त्यामुळे ज्यापासून ऑर्निथिन मिळतं ते अर्जिनिन त्याला खाण्यातूनच मिळवावं लागतं. मॉरिस आणि रॉजर्स यांनी १९७८ साली दाखवलं की अर्जिनिन वगळलेलं एकच जेवण दिलं तरी काही तासांत मांजराच्या रक्तात अमोनिया चढतो, लाळ गळते, उलट्या होतात. इतक्या थोडक्या वेळात एका पोषकद्रव्याची उणीव अशी उघडी पडल्याची उदाहरणं सस्तन प्राण्यांत फार कमी आहेत. उपाशी मांजरातही अर्जिनिन घटतं, मळमळ वाढते, मळमळीने ते आणखी खात नाही, आणि फास आवळत जातो.

म्हणूनच यावरचा मुख्य उपाय अन्नच असतो. गोट्याच्या मानेतून अन्ननलिकेत नळी बसवली आणि काकूंनी कित्येक आठवडे पातळ केलेलं प्रथिनयुक्त खाद्य सिरिंजने, घड्याळ लावून, थोडं थोडं भरवलं. दृष्ट नावाचा प्रकार नसतोच. मीठ-मोहरीच्या ओवाळणीने त्या बोक्याचा एक मोलाचा दिवस खाल्ला. मोठं मांजर चोवीस तास काहीच खात नसेल, आणि ते लठ्ठ असेल तर विशेषच, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. "यकृत स्वच्छ करणारं" म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि थेंब यांच्या नादी लागायचं नाही. त्या यकृताला प्रथिनं हवी असतात.

मग वजन उतरवायचं कसं? मोजून. पहिल्यांदा हात वापरा. एक हात पालथा, सरळ धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या पालथ्या हाताच्या पाठीवरून फिरवा. मांजराच्या फासळ्या तशा लागल्या तर वजन ठीक. मूठ वळल्यावर सांधे लागतात तशा टोचल्या तर ते हडकुळं आहे. हात उलटून तळव्याच्या गादीसारखं लागलं तर जाड. पशुवैद्य हेच १ ते ९ अंकांत मांडतात, ५ म्हणजे योग्य, आणि वरचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण दहा टक्के जास्त वजन. गोट्या ८ वर होता. तीस टक्के जास्त, म्हणजे त्याचं योग्य वजन पाच किलोच्या आसपास.

हिशोब या पाच किलोंचा करायचा, साडेसहाचा नाही. विश्रांतीत लागणारी ऊर्जा वजनाच्या पाऊण घातांकाच्या प्रमाणात वाढते, हे शास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली मांडलं होतं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ५ चं वर्गमूळ दोनदा काढा, १.४९५ येईल. त्याचा घन करा, ३.३४. त्याला ७० ने गुणा: २३४ किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या, योग्य वजनाच्या घरगुती मांजराला याच्या १ ते १.२ पट पुरतं. वजन उतरवायला सुमारे ०.८ पट, म्हणजे रोज १८७. कोरड्या दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, पाकिटावर आकडा पाहून घ्या. ३७५ धरले तर दिवसाला ५० ग्रॅम. वाटीने मोजू नका. वाटी कधी सपाट भरते, कधी शिगोशीग. रोजचे फक्त पाच ग्रॅम जास्तीचे दाणे वर्षाला सहा हजार आठशे किलोकॅलरी होतात, कागदावर जवळजवळ किलोभर चरबी. चार किलोच्या मांजरावर एक किलो म्हणजे साठ किलोच्या माणसावर पंधरा.

दुधाचंही तसंच. तबेल्यातल्या म्हशीच्या १०० मिली दुधात शंभरेक किलोकॅलरी असतात, गोट्याच्या दिवसाच्या वाट्याच्या निम्म्याहून जास्त. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. रश्श्यातला मासा नको, कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मासा कच्चाही नको. काही माशांत जीवनसत्त्व ब१ नष्ट करणारं एन्झाइम असतं, शिजवल्यावर ते जातं.

वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरावं, त्याहून घाई नको. डॉक्टरांनी गोट्यासाठी तेच ठरवून दिलं, आणि नवं खाद्य जुन्यात मिसळत आठवडाभरात बदलायला सांगितलं. काकूंनी पिठाचा काटा ओट्यावर कायमचा मांडून ठेवला आहे. सकाळी स्टीलच्या डबीत ४५ ग्रॅम दाणे मोजून घेतात, ते चार वेळा वाटून देतात, संध्याकाळच्या वाट्यावर १५-२० ग्रॅम उकडलेली मांदेली, काटे काढून. दर रविवारचं वजन कॅलेंडरवर लिहितात. परवा पाच किलो चारशे होतं. यंदा श्रावण लागायच्या आधीच त्यांनी कोळणीला सांगून ठेवलंय, महिनाभर आमच्यासाठी काही नको, पण आठवड्याला पाव किलो मांदेली गोट्याची ठेव. ती शिजवायला गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं आणलं आहे.