एडेड म्हणजे किती एडेड?

पुण्यात कुणाच्या मुलाला शाळेत नोकरी लागली की पेढा तोंडात टाकतानाच विचारतात, ‘ग्रँटेबल आहे ना?’ ‘नॉन-ग्रँटवर लागलाय’ असं उत्तर आलं की पगाराचं कुणी विचारत नाही. कागदोपत्री याच शाळा एडेड आणि अनएडेड, म्हणजे पगारासाठी सरकारी अनुदान मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या. फर्स्ट एड, हिअरिंग एड यांतला एड साधा मदतीचा. शाळेला चिकटलेला एड जरा हिशेबी.

हिशेबीपणा त्याच्या रक्तातच असावा. हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि मध्ययुगीन इंग्लंडात एड म्हणजे मांडलिकाने धन्याला द्यायची रक्कम. धनी कैदेत सापडला, त्याचा थोरला मुलगा नाइट झाला, थोरल्या मुलीचं लग्न निघालं, की द्या एड. नाव मदतीचं, काम वसुलीचं. या तीन प्रसंगांपलीकडे राजाने संमतीशिवाय एड घेऊ नये, हे १२१५ च्या मॅग्ना कार्टात लिहून घ्यावं लागलं.

पुण्यात मदतीची जुनी रीत म्हणजे दक्षिणा. पेशवे श्रावणात पर्वतीजवळच्या रमण्यात ती ब्राह्मणांना वाटत. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने तिचा काही भाग शिक्षणाकडे वळवला आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे याच दक्षिणा फंडातून जोतीराव फुल्यांच्या शाळांनाही पैसे मिळाले. सदाशिव-नारायण या ब्राह्मणी पेठांत तेव्हा काय काय बोललं गेलं असेल!

१८५४ मध्ये हिंदुस्थानातल्या शिक्षणाबद्दल चार्ल्स वुडचा खलिता आला आणि ग्रँट-इन-एड हे सरकारी धोरण झालं. मेख ‘इन एड’मध्ये आहे. शाळा लोकांनी काढायची, फी घ्यायची, आणि तपासणी करून सरकारने वर भर घालायची. म्हणजे ज्याच्या गाठीला आधीच काही आहे, त्याचीच सोय. फुल्यांनी १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात, परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, अशिक्षित लोकांत शिक्षण पसरवायला मुळीच उपयोगाची नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं.

‘अन’ हा उपसर्ग महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने वजनदार झाला १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांचं रूपच पालटलं. शाळांच्या वाट्याला मात्र ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्का आला. त्यातला ‘कायम’ २००९ मध्ये काढला गेला, पण शब्द काढला म्हणून लगेच पैसे येत नाहीत. २०१६ पासून टप्पा अनुदान सुरू झालं, पगाराच्या आधी वीस टक्के, मग चाळीस. संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी), शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक), त्रुटींची पूर्तता असं करत फाइल शिक्षण आयुक्तालयात फिरते, आणि या आयुक्तालयाच्या सेंट्रल बिल्डिंगबाहेर शिक्षकांनी ठिय्या मांडणं पुणेकरांना आता नवं राहिलेलं नाही.

अशा अधल्यामधल्या शाळेला कागदावर ‘अंशतः अनुदानित’ म्हणतात. स्टाफरूममध्ये ‘आमची अजून चाळीसवर आहे’ एवढंच.