पार्श्वभूमी : मॅक अ‍ॅड्रेस यंत्राचा की कार्डाचा?

मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्कवर कोण कोणाशी बोलतंय हे ओळखण्याचा क्रमांक, म्हणजेच पत्ता. १९७० च्या दशकातल्या प्रायोगिक इथरनेटवर (केबलने संगणक एकमेकांना जोडण्याची पद्धत) यंत्राचा हा पत्ता जेमतेम ८ बिटांचा होता. १९८० मध्ये तो ४८ बिटांचा झाला, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी पत्ते. पहिले २४ बिट उत्पादकाची ओळख सांगणारे, उरलेले त्याने आपल्या मालाला वाटायचे.

तो माल म्हणजे नेमकं काय, इथून घोळ सुरू होतो. ४८ बिटांमागची भूमिका १९८१ च्या एका निबंधात मांडली गेली (दोन लेखकांपैकी एक मुंबईच्या आयआयटीचा माजी विद्यार्थी). त्यात पत्ता यंत्राचा होता. यंत्र कितीही नेटवर्कांना जोडा, क्रमांक एकच. पीसीच्या बाजारात मात्र नेटवर्क कार्ड (संगणक नेटवर्कला जोडणारा भाग) सुटं विकलं जायचं आणि पत्ता कार्डावरच्या चिपमध्ये लिहिलेला असायचा. कार्ड बदललं की पत्ता बदलला. वर्कस्टेशन बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने मूळ विचार बरीच वर्षं सोडला नाही. तिच्या यंत्राच्या सगळ्या पोर्टांना एकच पत्ता असे. पण दोन पोर्ट एकाच स्विचला (अनेक यंत्रांच्या केबल जोडणारी पेटी) लावले, की हा पत्ता नक्की कुठल्या बाजूला, हे स्विचला कळेना. शेवटी कार्डवाल्यांची सरशी झाली. विचार म्हणून जुनाच जास्त नेटका होता, पण बाजाराला त्याचं काय!

त्याचे परिणाम आजही दिसतात. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग ऑल’ ही आज्ञा चालवली की हाच पत्ता ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ या नावाने तीन-चार ठिकाणी दिसतो : केबलचा, वायफायचा, ब्लूटूथचा, शिवाय व्हर्च्युअल मशीन (संगणकात चालणारा आभासी संगणक) असेल तर तिच्यासाठीच्या आभासी कार्डाचाही. हॉस्टेलच्या किंवा ऑफिसच्या फॉर्मवर रकाना मात्र एकच, ‘संगणकाचा मॅक अ‍ॅड्रेस’. ज्या मार्गाने जोडणी होणार, त्याचाच तिथे भरायचा असतो.

कायमचा पत्ता म्हणजे कायमची खूणही. २०१३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरच्या कचरापेट्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनचे पत्ते टिपत असल्याचं उघड झालं आणि ते थांबवावं लागलं. २०१४ मध्ये आयफोन वायफाय शोधताना बनावट पत्ता सांगू लागला. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून तर जोडणीसाठीही प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता, तोही आपोआप. असा पत्ता ओळखता येतो : त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. फोनची माहिती देणाऱ्या पानावरचा पत्ता राउटरच्या परवानगीच्या यादीत घालूनही जोडणी होत नसेल, तर त्या वायफायच्या तपशिलात दिसणारा पत्ता घालावा, किंवा त्या नेटवर्कपुरता ‘प्रायव्हेट अ‍ॅड्रेस’ बंद करावा.